मी, खमेंटेची सूप-समन्वयक

माझ्याकडे नेदरलँड्समधल्या एका खमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, सही-शिक्क्याचं पत्र आहे. त्यात लिहिलंय, की श्रीमती सुनंदा मेश्राम यांना पुढील सूचना मिळेपर्यंत ‘सूप-समन्वयक’ म्हणून नेमण्यात येत आहे. हे पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावायची माझी फार इच्छा होती. नवऱ्याने आणि मुलीने एकमताने विरोध केला. हीटर किती अंशांवर ठेवायचा यावर ज्या दोघांचं वीस वर्षांत एकदाही पटलं नाही, त्यांचं यावर पटलं. त्यामुळे ते पत्र कपाटात आहे आणि त्याची गोष्ट मी इथे लिहून काढते आहे.

मी स्वयंपाकीण. ‘केटरिंग’ म्हटलं की लोक जरा सरसावून बसतात, पण काम तेच. बावीस वर्षांपूर्वी मी पिंपरीहून बाडहूव्हडॉर्पला आले ती नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून. तो सॉफ्टवेअरमध्ये, मी एम. कॉम., पण डच येत नाही म्हणून घरात. शेजारच्या इमारतीत विमानतळावर कामाला असलेले दोन मराठी मुलगे राहायचे, त्यांना डबा द्यायला लागले. दोनाचे चाळीस डबे झाले, मग एका ऑफिसचं कँटीन मिळालं, मग युट्रेख्टच्या भीमजयंतीचं तीनशे माणसांचं जेवण दरवर्षी माझ्याकडे यायला लागलं. गॅरेजमध्ये एवढाली तपेली जमली, की मुलगी लहान असताना लपाछपीत त्यांत बसायची आणि सापडायची नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मोठ्या स्वयंपाकात चव महत्त्वाची. चव सगळ्यांत शेवटी येते हो. आधी वेळ, मग वजन, मग तापमान. इथे गरम अन्न साठ अंशांच्या खाली उतरलं, की कायद्याच्या दृष्टीने ते अन्न राहत नाही, पुरावा होतो. म्हणून थर्मामीटर खुपसायचा, आकडा वहीत लिहायचा. सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांनी मला हे करताना पाहिलं आणि काळजीने विचारलं, “सुनंदा, वरणाला ताप आहे का गं?”

तर, युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं त्या वसंतातली ही गोष्ट. हा देश केवढासा! सकाळी चहा पिऊन गाडी काढावी आणि बोलण्याच्या नादात एक वळण चुकावं, तर दुपारी आपण जर्मनीत. युद्ध दोन दिवसांच्या बसप्रवासाइतकं दूर. पण सरकारने सगळ्या गावांना सांगितलं, खाटा टाका, माणसं येताहेत. मग कुणी शाळेची व्यायामशाळा रिकामी केली, कुणी बंद पडलेलं हॉटेल उघडलं, कुणी नदीवरची बोट घेतली. आमच्यापासून वीस मिनिटांवरच्या एका गावाने रिकामी ऑफिसची इमारत घेतली. गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. एकशे चाळीस जण आले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. जिथे पूर्वी अकाउंट्स डिपार्टमेंट होतं तिथे आता चार कुटुंबं राहायला लागली.

या सगळ्याची व्यवस्था योहानकडे होती. योहान खमेंटेतला अधिकारी. साडेसहा फूट उंच, केस वाळत घातलेल्या कुरडईसारखे, आणि स्वभाव इतका सरळ की त्याला टोमणा मारला तर तो वहीत लिहून घ्यायचा. त्याने भीमजयंतीला एकदा माझ्या हातचं जेवण खाल्लं होतं. त्याचा फोन आला.

“सुनंदा, एकशे चाळीस माणसांचं संध्याकाळचं गरम जेवण करून आणशील?”

“आणीन. आणि दुपारचं?”

“दुपारचं आम्ही बघू.”

पुढे जे काही झालं, ते या तीन शब्दांमुळे झालं.

डच माणूस दुपारी गरम खात नाही. ब्रेडचे दोन तुकडे, मध्ये चीजची चकती, सोबत ग्लासभर ताक. मुलं असतील तर ब्रेडवर लोणी लावून वरून चॉकलेटची खसखस भुरभुरतात. मंत्रीसुद्धा हेच खातात असं ते अभिमानाने सांगतात, आणि ते खरं आहे. पहिल्या दुपारी मी रात्रीच्या भांड्यांची जागा बघायला गेले होते, तेव्हा योहान स्वतः ट्रे घेऊन वाढत होता.

पहिल्या टेबलावर हालिनाताई बसल्या होत्या. ‘ताई’ मी मनातल्या मनात लावलं, नुसतं हालिना म्हणायला जीभ वळेना. वय अडुसष्ट, एका रेल्वे स्टेशनवर जन्मभर गाड्यांच्या घोषणा केलेल्या. आवाज असा, की त्यांनी मीठ मागितलं तरी आपण फलाटावर मागे सरकावं. त्यांनी ब्रेड संपवला, हात झटकले, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोन योहानपुढे धरला.

फोन म्हणाला, “धन्यवाद. जेवण किती वाजता आहे?”

“हेच जेवण होतं,” योहान म्हणाला.

फोनने ते त्यांना सांगितलं. हालिनाताईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुन्हा फोनमध्ये बोलल्या.

“हो, हो. पण जेवण किती वाजता आहे?”

आठ दिवस लोकांनी ब्रेड खाल्ला. नवव्या दिवशी खोल्यांतून वास यायला लागले. खोलीत शेगडीला बंदी होती, पण माणसाला भूक लागली की त्याच्यातला इंजिनिअर जागा होतो. कुणी किटलीत अंडी उकडली, कुणी इस्त्रीने ब्रेड भाजला. एका बाईंनी इस्त्री उलटी करून तिच्यावर ऑम्लेट केलं, तेव्हा पहिल्यांदा अलार्म वाजला आणि आगीचा बंब आला. दुसऱ्यांदा कांद्यामुळे आला. तिसऱ्यांदा हालिनाताईंमुळे. त्यांनी पलंगाखाली विजेची शेगडी लावून बोर्श, म्हणजे त्यांचं बिटाचं सूप, रटरटत ठेवलं होतं. वास लपवायला त्यांनी वरून केसांचा स्प्रे मारला, आणि तो स्प्रे थेट अलार्मच्या नाकात गेला.

बंबाबरोबर दर वेळी बर्ट यायचा. अग्निशमन दलाचा अधिकारी, बुटका, मोठ्या मिशांचा, कमरेला मोजायची टेप. तिसऱ्या वेळी तो पलंगाखाली वाकला, बोर्शकडे बराच वेळ बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पत्र पाठवलं. रहिवाशांच्या स्वयंपाकामुळे आणखी एकदा अलार्म वाजला, तर इमारतीचा परवाना रद्द.

परवाना रद्द म्हणजे एकशे चाळीस माणसं तीन ठिकाणी. काही बोटीवर, काही दुसऱ्या शहरात, काही पार एनस्खेडेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मुलांची शाळा नुकती सुरू झाली होती.

त्या संध्याकाळी बटाटे आणि भाजी वाढताना ल्युदमिला माझ्याजवळ आली. ती गणिताची शिक्षिका, पन्नाशीची, बारीक, हळू बोलणारी. सोबत सात वर्षांची नात. तिने फोनवर विचारलं, “एनस्खेडे लांब आहे का?”

“दोन तास,” मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. मग फोन म्हणाला, “लांबचं काही नाही. पण या मुलीला काल एक मैत्रीण मिळाली आहे.”

मी घरी आले आणि योहानला फोन केला. म्हटलं, दुपारी गरम सूप द्या, खोलीतला स्वयंपाक आपोआप थांबेल. तो म्हणाला, चांगली कल्पना आहे, आपण ओव्हरलेख घेऊ. ओव्हरलेख म्हणजे सल्लामसलतीची बैठक. या देशात धरणाच्या भिंतीपासून मांजराच्या नावापर्यंत सगळं ओव्हरलेखमध्ये ठरतं.

अकरा जण जमले. प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्कीट, एकच. मी डचमध्ये भाषण लिहून नेलं होतं. मुलीने व्याकरण तपासून दिलं होतं, आणि “आई, वाच फक्त, मध्येच स्वतःचं काही घालू नकोस,” असं डचमध्येच बजावलं होतं. पण माझ्याआधी योहान बोलला.

“मला खरंच कळत नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला होता. “आम्ही जे खातो तेच त्यांना देतो. माझी स्वतःची मुलं हेच खातात. याहून समान वागणूक काय देणार?”

मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, “योहान, तुझ्या मुलांना संध्याकाळी कुणी विचारतं, आज शाळेत काय झालं. या बायका सकाळपासून फोनमध्ये बातम्या बघत बसतात. बघून बघून डोळे लाल होतात. त्यांना सूप देऊ नकोस. त्यांना सूप करू दे. त्यांच्या हातात...”

इथे ओगराळ्याचा डच शब्द आठवेना. मी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी हवेत मोठं तपेलं ढवळून दाखवलं.

बर्टने शेजारच्याला विचारलं, “यांना सिमेंट कालवायचंय का?”

तास-दीड तास चर्चा झाली. शेवटी बर्टच म्हणाला, “इमारतीच्या आत नाही. बाहेर, पार्किंगमध्ये तंबू टाका. भिंतीपासून दहा मीटरवर. गॅस तिथे, तपेलं तिथे. आणि जबाबदार माणूस एकच पाहिजे, अन्नाचा परवाना असलेला.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पत्र असं मिळालं.

तंबू उभा राहिला. बर्ट टेप घेऊन आला. भिंतीपासून नऊ मीटर ऐंशी. “वीस सेंटिमीटर मागे,” तो म्हणाला. मी हसले, तो हसला नाही. मग आठ बायकांनी तंबूचे पाय उचलले, हालिनाताईंनी फलाटाच्या आवाजात हुकूम दिले आणि तंबू वीस सेंटिमीटर मागे गेला. बर्टने पुन्हा मोजलं, मान हलवली, आणि स्वतःचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तंबूच्या खांबाला बांधलं. रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून.

पहिल्या दिवशी माझं सगळ्यात मोठं तपेलं नेलं. बीट, कोबी, गाजर, कांदा. आणि शेपू. हे लोक शेपू कशावरही घालतात. सूपवर, अंड्यावर, काकडीवर. लहानपणी शेपूच्या भाजीवरून मी आईच्या हातचा मार खाल्ला आहे. आयुष्याच्या या टप्प्यावर परदेशात रोज दोन किलो शेपू निवडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, बरं झालं.

बोलणं सगळं फोनवरून. मराठीला फोन गडबडायचा, म्हणून मी इंग्रजीत बोलायचे. “बीट हळूहळू तापू द्या,” असं मी सांगितलं. माझ्या इंग्रजी उच्चाराचं फोनने काय केलं देव जाणे. हालिनाताई थबकल्या, माझ्याकडे आदराने पाहिलं, ओगराळं उचललं आणि तपेल्याच्या कडेवर हळू, गंभीर ठेका धरला. ठण. ठण. ठण. बाकीच्या बायकाही उभ्या राहिल्या. मला वाटलं ही त्यांची पद्धत असेल, म्हणून मीही हात जोडून उभी राहिले. मिनिटभर असं चाललं. मग हालिनाताईंनी फोन पुढे केला. फोन म्हणाला, “तुमच्या देशात हे किती वेळ करतात?”

मी त्यांच्या फोनमधलं वाक्य उलट इंग्रजीत करून बघितलं. “ढोल हळूहळू बडवा.”

त्या दिवशी ती माणसं पहिल्यांदा पोट धरून हसली. आणि त्या दिवसापासून खोल्यांतले वास थांबले.

मला वाटलं, झालं माझं काम. पण खरं परराष्ट्र धोरण आता सुरू झालं. प्रश्न घेवड्याचा होता. हालिनाताईंच्या गावाकडे बोर्शमध्ये पांढरा घेवडा घालतात. ल्युदमिला देशाच्या दुसऱ्या टोकाची. तिच्याकडे घालत नाहीत, आणि घातला तर त्याला बोर्श म्हणत नाहीत. सुरुवातीला दोघी एकमेकींचं कौतुक करायच्या. चौथ्या दिवशी ल्युदमिलाने मला बाजूला घेतलं. फोन म्हणाला, “ती चांगली स्त्री आहे. परंतु तिने सूपचा अपमान केला आहे.”

हालिनाताईंनीही मला बाजूला घेतलं. “ती शिक्षिका आहे, शिकलेली आहे. मग तिला कोणी शिकवलं नाही का?”

तंबूत दोन पक्ष पडले, घेवडेवाले आणि बिनघेवडेवाले. मी तोडगा काढला. विषम तारखेला घेवडा, सम तारखेला बिनघेवडा. दोघींनी हात मिळवले. मला इतका अभिमान वाटला की मी नवऱ्याला म्हटलं, हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात आता माझ्यासाठी खुर्ची ठेवायला हरकत नाही.

दोन आठवड्यांनी ल्युदमिला भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आली. गणिताची बाई ती. तिने एकतीस तारखेवर बोट ठेवलं, मग पुढच्या महिन्याच्या एकवर. दोन्ही विषम. म्हणजे लागोपाठ दोन दिवस घेवडा. तिने वर्षभरातले असे सगळे महिने लाल पेनने गोल केले होते, आणि खाली बेरीज करून तिच्या पक्षावर किती दिवस अन्याय होणार ते लिहिलं होतं.

मी त्या दिवशी गॅरेजमधून दुसरं तपेलं आणलं. तेव्हापासून रोज दोन बोर्श झाले. लोकही ठरलेल्या रांगेत उभे राहायचे. एक आजोबा दोन्ही रांगांत उभे राहायचे. त्यांना दोन्ही पक्ष गद्दार म्हणायचे.

जूनमध्ये योहानचा मेल आला. पाहुणे येणार. गावच्या महापौरबाई, युक्रेनच्या दूतावासातल्या एक बाई आणि हेगच्या परराष्ट्र खात्यातले एक साहेब. आमचा तंबू म्हणे आदर्श उपक्रम ठरला होता. मेल सहा पानांचा होता. कोण कुठे उभं राहील, कोण किती मिनिटं बोलेल, आणि शेवटी एक प्रश्न: दोन तपेल्यांपैकी पाहुण्यांना आधी कोणतं वाढायचं? त्यातून चुकीचा अर्थ तर निघणार नाही ना?

मी कळवलं, निघणारच. पाहुण्यांना स्वतः ठरवू द्या.

पाहुणे आले. महापौरबाई हुशार, त्यांना म्हणे सकाळीच भरपूर नाश्ता झाला होता. दूतावासातल्या बाईंनी दोन्ही तपेल्यांकडे एक नजर टाकली, परिस्थिती ओळखली आणि फोन कानाला लावून बाजूला गेल्या. राहिले परराष्ट्र खात्याचे साहेब. साठीचे, पांढरेशुभ्र केस, आयुष्य वाटाघाटींत गेलेलं. त्यांच्यापुढे हालिनाताई ओगराळं घेऊन उभ्या, शेजारी ल्युदमिला ओगराळं घेऊन उभी. मागे सत्तर-ऐंशी माणसं श्वास रोखून. साहेब प्रसन्न हसले. एक ओगराळं या तपेल्यातलं घेतलं, एक त्या तपेल्यातलं, दोन्ही एकाच वाडग्यात ओतलं आणि चमच्याने ढवळलं.



हालिनाताईंनी ल्युदमिलाकडे पाहिलं. ल्युदमिलाने हालिनाताईंकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या दोघींच्या चेहऱ्यावर अगदी एकच भाव होता. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, साहेबांकडे बोट करून, एकमेकींची वाक्यं पुरी करत. फोन बिचारा मध्येच गप्प झाला. साहेबांनी मला हळूच विचारलं, “काय म्हणताहेत?”

“आपली ओळख झाल्याचा आनंद झाला म्हणताहेत,” मी म्हटलं. एवढी मुत्सद्देगिरी मलाही आली होती.

आणि तेवढ्यात इमारतीतला अलार्म वाजला.

तो आवाज मी आजही विसरले नाही. आधी कुणी हललंच नाही. मग आया इमारतीकडे धावल्या, आत असलेल्या मुलांना घेऊन बाहेर आल्या. कुणी शाळेची दप्तरं घेतली होती, कुणी नुसते बूट. एक बाई औषधांची पिशवी छातीशी धरून उभी होती आणि तिच्या पायात काही नव्हतं. आग नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण सगळ्यांनी खांबावरचं पत्र वाचलं होतं. ल्युदमिलाने नातीला कडेवर घेतलं, सात वर्षांच्या मोठ्या मुलीला, आणि ती रडायला लागली. हालिनाताईंनी तिचा हात धरला आणि सोडला नाही. मी माणसं मोजत होते, आणि मोजता मोजता मनात एकच प्रश्न होता. कोण असेल? कुणी इतक्या दिवसांनी खोलीत शेगडी लावली?

बंब आला. बर्ट उतरला, तडक आत गेला आणि पाच मिनिटांनी बाहेर आला. त्याच्या एका हातात सँडविच टोस्टर होता. त्यात दोन काळे कोळसे. त्याच्यामागे मान खाली घालून योहान.

झालं होतं असं, की महापौरबाईंसोबत आलेला फोटोग्राफर बीट खात नव्हता. भुकेला होता. योहानला वाटलं, पाहुणा उपाशी कसा जाईल? म्हणून त्याने स्वतःच्या घरून आणलेला टोस्टर ऑफिसात लावला, चीज टोस्ट ठेवला, आणि मुख्य पाहुणे सूप कोणतं घेतात हे बघायला बाहेर आला. ती मिक्स करायची घटना बघून तो टोस्ट विसरला.

“नियम म्हणजे नियम,” बर्ट म्हणाला. त्याचाही आवाज पडला होता. “आणखी एकदा वाजला तर परवाना रद्द. मीच लिहिलंय.”

योहान त्याच्यासमोर उभा राहिला. एवढा उंच माणूस, पण हात शाळकरी मुलासारखा वर केला. “मी केलं. त्यांना शिक्षा नको. माझी नोकरी घ्या हवी तर.”

तेव्हा परराष्ट्र खात्याचे साहेब शांतपणे वाडगा हातात घेऊन तंबूच्या खांबाशी गेले. चष्मा लावला, ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

“इथे लिहिलंय, ‘रहिवाशांच्या स्वयंपाकामुळे’,” ते म्हणाले. “हे गृहस्थ इथे राहतात का?”

“नाही,” बर्ट म्हणाला.

“आणि चीज टोस्टला तुम्ही स्वयंपाक म्हणाल?”

बर्टने त्या काळ्या कोळशांकडे पाहिलं. मिशा हलल्या. “नाही,” तो म्हणाला. “याला स्वयंपाक म्हणता येणार नाही.”

मी ते हालिनाताईंच्या फोनमध्ये सांगितलं, आणि फोनने या एका वेळेला बरोबर सांगितलं असावं. कारण हालिनाताईंनी जी आरोळी ठोकली ती विमानतळापर्यंत गेली असेल. मग त्या साहेबांकडे गेल्या, त्यांच्या हातातलं ते मिसळलेलं सूप काढून घेऊन गटारात ओतलं आणि त्यांना नवीन वाडगा भरून दिला. घेवड्याचा. ल्युदमिलाने दुसऱ्या हातात दुसरा दिला. साहेबांनी दोन्ही संपवले, एकानंतर एक, आणि कोणता चांगला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आयुष्य वाटाघाटींत गेलेला माणूस तो.

पुढे इमारतीत खरं स्वयंपाकघर झालं, बर्टने पास केलेलं. दोन वर्षं ते चाललं; संध्याकाळचं जेवण मात्र माझ्याकडेच राहिलं. हळूहळू बायकांना कामं मिळाली, कुणी वृद्धाश्रमात, कुणी फुलांच्या गोदामात. ल्युदमिला एका शाळेत मदतनीस झाली आणि डच शिकली, माझ्यापेक्षा चांगलं. माणसांना घरं मिळत गेली आणि तपेलं लहान होत गेलं. माझं पद कधी संपलं ते मला कळवलंच नाही. पुढील सूचना आलीच नाही, म्हणजे कायद्याने मी अजूनही सूप-समन्वयक असेन.

एका गोष्टीची मात्र खंत आहे. दोन वर्षांत मी त्यांची भाषा शिकले नाही. हालिनाताईंच्या स्टेशनचं काय झालं, घरी कोण मागे राहिलं, हे मी फोनमधून विचारायला धजले नाही. असल्या गोष्टी फोनमधून विचारायच्या नसतात असं मला वाटायचं. आणि त्याशिवाय दुसरी वाट मी तयार केली नाही.

गेल्या वर्षी हालिनाताईंनी ठरवलं, परत जायचं. युद्ध संपलं नव्हतं. सगळ्यांनी समजावलं. त्यांची बहीण तिथे होती, एकटी, आणि तिला चालता येत नव्हतं, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. युट्रेख्टहून दुपारची बस होती. मी दोन दिवस पुरेल असा डबा दिला. ल्युदमिलाही निरोपाला आली होती.

बसच्या पायरीवर चढल्यावर हालिनाताई वळल्या. इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलायला लागल्या. फोन न काढता, नुसत्याच, बराच वेळ, डोळ्यांत पाणी. त्यांचा तो आवाज प्रथमच इतका हळू झालेला मी ऐकला. मला एक शब्द कळला नाही. मी मान हलवत राहिले आणि रडत राहिले. दार बंद झालं, बस गेली.

मी डोळे पुसून ल्युदमिलाला विचारलं, “काय म्हणाल्या गं?”

ल्युदमिला जरा घुटमळली. मग तिच्या त्या नीटस डचमध्ये म्हणाली, “त्या म्हणाल्या, तू बहिणीसारखी आहेस, म्हणून आज सांगते. तुझे संध्याकाळचे बटाटे नेहमी कच्चे असायचे. दोन वर्षं आम्ही कुणी तुला बोललो नाही.”

मी विचारलं, “सगळ्यांना वाटायचं?”

“सगळ्यांना,” ती म्हणाली. “दोन्ही पक्षांना.”

हालिनाताई सुखरूप पोचल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. बटाटे मी आता सात मिनिटं जास्त उकडते.